नाकोबाचा खेळ

नाकोबा मैदानात आला आणि पोरांनी एकच गिल्ला केला. पुठ्ठ्याचं हातभर लांब नाक, त्याला तांबडा रंग, मागे इलॅस्टिकची पट्टी. ते नाक लावलेला नट कमरेतून वाकून एकेकाला हुंगत चालला होता. सरपंचांना हुंगून "तंबाखू" म्हणाला. ग्रामसेवकाला हुंगून "कालची कोंबडी" म्हणाला. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. मग ढोलकी कडाडली, नाकोबा थबकला, नाक वर करून थरथरला आणि "गॅस!" म्हणून ओरडला. त्यासरशी खेळातली सगळी माणसं चारी दिशांना पळत सुटली.

मीसुद्धा हसले. खरं तर सरकारी कार्यक्रमात हसण्याचा माझा लौकिक नव्हता. मी तेव्हा दिल्लीत नोकरीला होते. जमिनीखालून गॅसच्या मोठमोठ्या लाइनी जातात. त्या धड आहेत ना हे बघायला राज्याराज्यांत छोटी कार्यालयं होती, आणि ती कार्यालयं धड बघतात ना हे बघायला आम्ही. वर्षाकाठी त्यांनी आम्हांला अहवाल पाठवायचा. किती लाइन तपासली, किती अपघात झाले, गावागावांत जागृतीचे किती कार्यक्रम केले. मग आमच्यापैकी कुणीतरी प्रत्यक्ष जाऊन बघायचं आणि गुण द्यायचे. पाहुणी म्हणून जायचं आणि सासूसारखं बघायचं, असं ते काम. मला ते छान जमायचं. शाल, श्रीफळ आणि काजूची बशी पुढे आली की माझ्या कपाळाला आपोआप आठी पडे. माझ्या पाठीमागे मला काय नावं ठेवली जात तीही मला ठाऊक होती, आणि त्यातली एकदोन मला आवडायचीसुद्धा.

शेजारच्या खुर्चीवर उमराणीकर होते. राज्याच्या कार्यालयाचे प्रमुख. निवृत्तीला आलेले, अर्ध्या बाहीचा इस्त्रीचा शर्ट, खिशात वेलदोड्यांची डबी. सबंध राज्याला तीन निरीक्षक आणि एक गाडी, एवढ्यावर त्यांनी ते कार्यालय उभं केलं होतं. लाइनीचा सांधा नुसता बोट फिरवून सांगतील असा त्यांचा हात. राग धरायचा म्हटलं तरी जागा मिळू नये असा माणूस. दिल्लीत त्यांच्या अहवालाला नेहमी वरचे गुण पडत, आणि जागृतीच्या कार्यक्रमांत तर त्यांचं राज्य सगळ्यांत पुढे होतं.

मी याच तालुक्यातला कार्यक्रम बघायला मागितला त्याला कारण होतं. आदल्या वर्षी इथल्या सोनखडी गावात गॅसचा स्फोट होऊन दोन बायका गेल्या होत्या. अहवालात कारण दिलं होतं ते असं: नाला खोल करताना यंत्राचा दात लाइनीला लागला, गळती झाली. आणि त्याखाली आणखी एक वाक्य होतं, की स्थानिक स्वयंसेविकेने खात्री न करता पंप चालू करायला सांगितले. मेलेल्या बाईवर लिहिलेलं ते वाक्य मला खटकलं होतं. का, ते नेमकं सांगता आलं नसतं. फाइल मिटताना ते डोळ्यांपुढून हलेना, एवढंच.

नारळ फोडून झाल्यावर उमराणीकरांनी दोनदा घड्याळ पाहिलं होतं. "मॅडम, पुढे व्हॉल्व्ह स्टेशन बघायचंय. निघू या का आपण? खेळ काय, चालेल त्यांचा." मी म्हटलं, बसा हो, आलोय तर बघू. ते बसले.

आता नाकोबा मधोमध उभा राहिला आणि सगळे फेर धरून गायला लागले. चाल मोठी झकास होती. पोरांना ती पाठच होती, ती टाळ्यांवर साथ देत होती.

"वास आला, पळा पळा. वास नाही, खुशाल खेळा."

दुसऱ्या ओळीला माझं हसणं गेलं. मी बाजूला पाहिलं. उमराणीकरांनी वेलदोडा तोंडात टाकायला हात वर नेला होता, तो तसाच राहिला होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. गाणं पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं आणि या खेपेला बायकाही गाऊ लागल्या.

खेळ संपला, पोरं नाकाला हात लावायला धावली. आम्ही गाडीकडे निघालो तेव्हा मागे उभा असलेला एक माणूस पुढे आला. चाळिशीचा असेल. धुतलेला पण बिनइस्त्रीचा सदरा, टोपी हातात, भुवयांच्या केसांत पिठाची पांढरी भुरी. सायकल हाताशी धरून होता.

"मॅडम, मी मंदाकिनी गुंजाळचा मालक," तो म्हणाला. "सोनखडीचा. रोहिदास माझं नाव."

अहवालातल्या त्या स्वयंसेविकेचं नाव मंदाकिनी गुंजाळ होतं. मी थांबले.

"दिल्लीच्या मॅडम येनार म्हनून कळलं, म्हनून आलो. मला काय मागायचं न्हाई. तिचं कुठं चुकलं, तेवढं सांगा. चुकलं असंल तर मी गावाचं पाय धरीन. पन कुठं चुकलं ते कळू द्या."

उमराणीकर म्हणाले, रोहिदासभाऊ, आपण नंतर बोलू. मी म्हटलं, नाही, आत्ताच बोलू. शाळेच्या पायरीवर मी बसले. त्याला बस म्हटलं तर तो बसेना. सायकलीचा दांडा धरूनच त्याने सगळं सांगितलं.

मंदाबाई अंगणवाडी चालवायच्या. नाकोबाचा खेळ सोनखडीत आला तेव्हा पुढच्या रांगेत त्याच होत्या. त्या दिवशी कार्यालयाने दर गावातून एक बाई 'सुरक्षा सखी' म्हणून निवडली, तिला बिल्ला दिला. सोनखडीत तो मंदाबाईंना मिळाला. बाई अशी, की दिलेलं काम अंगाला लावून घ्यायची. अंगणवाडीतल्या पोरांना त्यांनी तो खेळ शिकवला. वहीच्या पुठ्ठ्याची नाकं करून दिली. नदीवर, गिरणीपुढे, बायका भेटतील तिथे त्या गाणं म्हणून दाखवायच्या. गाव त्यांची चेष्टा करायचं आणि ऐकायचंही.

स्फोट झाला त्या दिवशी यशवंता भोरांची सून लीला नाल्याकाठच्या खोलीत पाण्याचा पंप चालू करायला गेली. आत जमिनीतून सूं सूं आवाज येत होता. पोरगी शहाणी, तिने बटणाला हात लावला नाही. ती पळत अंगणवाडीत आली आणि मंदाबाईंना घेऊन गेली.

"मंदा आत गेली," रोहिदास म्हणाला. "चारी कोपरं हुंगलं. भुईला नाक लावून हुंगलं. कायबी वास न्हाई. मंग ती भाईर आली, दारात उभी ऱ्हायली आन् लीलाला म्हनली, कशाचा वास न्हाई गं, पान्याच्या पायपातली हवा असंल. दाब बटन."

लीला जागच्या जागी गेली. मंदाबाई दारात पाठमोऱ्या होत्या, त्यांची पाठ आणि दोन्ही हात भाजले. नाशिकच्या दवाखान्यात काही दिवस काढून त्या गेल्या.

रोहिदासने हे सांगताना आवाज चढवला नाही. गावाबद्दलही त्याने तक्रार केली नाही, मीच खोदून विचारलं तेव्हा बोलला. मयताच्या घरी चूल पेटवत नाहीत, शेजारपाजारचे भाकरी आणून देतात, ती रीत आहे. त्यांच्याकडे कुणी आलं नाही. त्यानेच चूल पेटवली आणि सासूला, म्हणजे मंदाबाईंच्या आईला, आणि पोरीला जेवू घातलं. त्याची पिठाची गिरणी आहे. गावातले लोक दळण डोक्यावर घेऊन त्याच्या दारावरून पुढच्या गावाला जातात, परगावचं दळण आलं तरच पट्टा फिरतो. पोरगी आठवीत होती, ती शाळेत जात नाही.

"लोकांचं बी काय चुकलं मी म्हनत न्हाई," तो म्हणाला. "भोरांची सून गेली. मंदाच म्हनली व्हती, दाब बटन. पन मॅडम, आजबी मी खेळ नीट बघितला. मागं उभा ऱ्हाऊन समदा बघितला. तिनं खेळातल्यापरमानंच केलं. मंग चुकलं कुठं?"

मी उमराणीकरांकडे पाहिलं. ते शाळेच्या भिंतीकडे तोंड करून उभे होते. मी रोहिदासला म्हटलं, तू घरी जा, आम्ही येतो. त्याने टोपी घातली, सायकलीवर टांग टाकली आणि गेला. आम्ही खरंच येऊ असं त्याला वाटलं नसावं.

आम्ही गाडीत बसलो. ड्रायव्हरने व्हॉल्व्ह स्टेशनचा रस्ता धरला होता.

"हा खेळ तुम्ही आधी पाहिला होता?" मी विचारलं.

"नाही."

"एकदाही?"

"नारळ फोडायचा, दोन शब्द बोलायचे आणि निघायचं. पुढे तपासणी लागलेली असते." ते खिडकीबाहेर बघत होते. "आज तुम्ही बसा म्हणालात म्हणून बसलो."

जे मला आणि त्यांना गाण्याच्या दुसऱ्या ओळीला कळलं होतं ते असं होतं. या गॅसला स्वतःचा वास नसतो. मुळीच नसतो. शहरात तो घराघरांत जाण्याआधी त्यात मुद्दाम उग्र वास मिसळतात, गळला तर कळावा म्हणून. पण शेताखालून, नाल्याखालून जी मोठी लाइन जाते तिच्यात तो मिसळलेला नसतो. तिथे गॅस गळला तर आवाज येतो, पाण्याला बुडबुडे येतात, गवत पिवळं पडतं. नाकाला काहीही कळत नाही. मंदाबाईंनी चार कोपरे हुंगले, भुईला नाक लावलं, आणि खोली गॅसने भरलेली होती.

खेळ शहरासाठी बसवलेला होता. तिथे तो बरोबर होता, तिथे नाकोबाने लोकांचे जीव वाचवलेही असतील. शहरात त्याचं कौतुक झालं, पेपरात फोटो आले. उमराणीकरांनी ते वाचून त्याच मंडळींना बोलावलं आणि गावोगाव पाठवलं. मंडळींना वाटलं, गॅस म्हणजे गॅस. उमराणीकरांना वाटलं, खेळ म्हणजे खेळ. किती गावांत झाला, किती माणसं हजर होती, एवढं अहवालात भरलं की झालं. खेळात सांगितलं काय, हे विचारणारा रकाना अहवालात नव्हताच. आणि ते रकाने आम्ही आखलेले होते, दिल्लीत बसून.

"मी सुधारित अहवाल पाठवतो," उमराणीकर म्हणाले. "उद्याच. ते वाक्य काढतो. खरं कारण लिहितो. तुम्ही गुण कापाल, कापा. माझ्या पोरांच्या जागा जातील त्यात, तेवढी एक..." ते थांबले. निरीक्षकांना ते पोरं म्हणत.

"सुधारित अहवाल दिल्लीला येईल," मी म्हटलं. "माझ्या टेबलावर. सोनखडीत तो कोण वाचणार?"

मी जरा जास्तच टाकून बोलले होते, पण माझा स्वभाव तसा आहे आणि तेव्हा तो आवरायची मला इच्छाही नव्हती. एवढा शहाणा माणूस अर्धा तास खुर्चीवर बसला असता तर दोन बायका जिवंत राहिल्या असत्या, हे मला सहन होत नव्हतं. आणि तेच त्याला माझ्यापेक्षा किती तरी जास्त कळत होतं, हे त्याच्या मानेकडे बघून दिसत होतं, तेही मला सहन होत नव्हतं.

फाटा आला. उमराणीकर पुढे वाकले आणि ड्रायव्हरच्या खांद्याला हात लावून म्हणाले, "सोनखडीला घे."

सोनखडी लहानसं गाव. सरकारी गाडी बघून लोक जमायला वेळ लागला नाही. सोसायटीच्या ओट्यावर म्हातारी माणसं बसली होती, त्यांत यशवंता भोर होते. गेलेल्या लीलाचे सासरे. उंच, ताठ, मिशा पांढऱ्या. समोर रस्त्यापलीकडे रोहिदासची गिरणी. तिचं दार उघडं होतं, पण पट्टा फिरत नव्हता. रोहिदास पायरीवर बसला होता. आम्हांला बघून तो उठला, पण रस्ता ओलांडून आला नाही. मध्ये रस्ता एवढासा, बैलगाडी जाईल इतका. त्याला तो ओलांडायची सवय राहिली नव्हती.

उमराणीकरांना बोलायची सवय होती. शेकडो गावांत ते दोन शब्द बोलले होते. पण त्या दिवशी त्यांना सुरुवात सापडेना. आधी लाइनीबद्दल बोलले, मग नाल्याबद्दल. लोक कंटाळून ऐकत होते. कुणीतरी मागून विचारलं, भरपाईचं काय झालं? उमराणीकरांनी हात वर केला.

"ऐका," ते म्हणाले. "तुमच्या शेताखालून जो गॅस जातो, त्याला वास नसतो."

कुणाला काही कळलं नाही. एक बाई म्हणाली, असतो की, आमच्या शेगडीच्या टाकीला येतो.

"टाकीतल्या गॅसला असतो. तो वरून घातलेला असतो. या लाइनीतल्या गॅसला नसतो. कितीही गळला तरी येत नाही. माझ्या नाकालाही येणार नाही, कुणाच्याच नाही."

"मंग खेळात तर..." एक तरुण पोरगा म्हणाला आणि थांबला.

"खेळ चुकीचा होता," उमराणीकर म्हणाले. "तुमच्या गावासाठी तो चुकीचा होता. तो मी पाठवला होता. पाठवण्याआधी मी बघितला नव्हता. मंदाबाईंनी आम्ही शिकवलं तसंच केलं, अक्षर न चुकता. लीलाबाई गेल्या त्या मंदाबाईंमुळे नाही. आमच्यामुळे गेल्या."

पाणी भरायला निघालेल्या दोघी बायका हंडे कमरेवर घेऊन तशाच उभ्या होत्या. मला वाटलं आता आरडाओरडा होईल, कुणीतरी अंगावर येईल. आलं असतं तर बरं झालं असतं.

यशवंता भोरांनी हळूहळू शब्द जुळवून विचारलं. "म्हंजी तिला वास आला न्हाई, तर... तिचं नाक बरोबर व्हतं?"

"बरोबर होतं," उमराणीकर म्हणाले. "वास नव्हताच."

म्हातारा उठला. त्याच्या सुनेचं मरण त्याने वर्षभर एका बाईच्या नावावर मांडून ठेवलं होतं. ते तिथून उचलून आता कुठे ठेवावं हे त्याला समजत नसावं. तो उमराणीकरांसमोर येऊन उभा राहिला, त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि त्यांच्या बाजूने रस्ता ओलांडून गेला. गिरणीच्या पायरीवर रोहिदासच्या शेजारी बसला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलंसुद्धा नाही. हंडेवाल्या बायकांपैकी एकीने डोळ्यांना पदर लावला.

पुढचं कागदावरचं सगळं मी केलं. ते वाक्य अहवालातून निघालं आणि त्या जागी खरं कारण गेलं. त्या राज्याचे गुण मी स्वतः कापले, आणि निरीक्षकांच्या जागा जाऊ नयेत म्हणून स्वतःच भांडलेही. एक गेली, दोन राहिल्या. इतर राज्यांत चौकशी केली तर आणखी दोन ठिकाणी असेच शहरातले खेळ गावांत फिरत असल्याचं निघालं. एकीकडे नाकाऐवजी कुत्रा होता. ते बंद झाले. अहवालात नवा रकाना आला. उमराणीकर वेळेवर निवृत्त झाले आणि निरोपसमारंभाला गेले नाहीत, असं ऐकलं. या सगळ्याला आता पुष्कळ वर्षं झाली. मीही निवृत्त होऊन बसले आहे. कुणी विचारलं की नोकरीत काय केलंत, तर मी हे नव्या रकान्याचं सांगते. रोहिदासच्या घरातलं सांगत नाही.

त्या दिवशी आम्ही निघालो तर रोहिदासने चहाला थांबवलं. नको म्हणायला तोंड नव्हतं. गिरणीच्या मागेच घर. सासूने चहा ठेवला. पोरगी दाराआडून बघत होती. मघा गावात झालेलं तिच्यापर्यंत आलं असावं, कारण तिचे डोळे सुजले होते, पण ती आमच्याकडे टक लावून बघत होती. यशवंता भोर आत आले नाहीत, बाहेर पायरीवरच बसून राहिले.

मला वाटलं होतं, रोहिदासचं ओझं जरा तरी हलकं झालं असेल. त्याला जे हवं होतं ते मिळालं होतं. तिचं कुठेच चुकलं नव्हतं, आणि ते सगळ्या गावाने ऐकलं होतं. पण तो अधिकच खचल्यासारखा भिंतीला टेकून बसला होता. कप हातात धरून तो बोलायला लागला तेव्हा आधी मला समजलंच नाही की हे कशाबद्दल आहे.

"ती समदं हुंगायची," तो म्हणाला. "दवाखान्यात. हात बांधलेलं, तर मला म्हनायची, नाकाशी धरा. मोसंबं धरायचं, चादर धरायची, औषधाची बाटली धरायची. माझा हात हुंगून म्हनायची, आज बाजरी दळलीय तुम्ही. बाजरीच असायची. मंग म्हनायची, ह्याचा येतोय मला वास. मंग तवाच का आला न्हाई?"

सासू तोंडावर पदर घेऊन आत गेली.

"सायेब आले व्हते दवाखान्यात," रोहिदास म्हणाला. "त्यांनलाबी इचारलं तिनं."

मला हे माहीत नव्हतं. मी उमराणीकरांकडे पाहिलं. त्यांचा चहा तसाच होता, त्यावर साय धरली होती.

"हो," उमराणीकर म्हणाले. "जबाब घ्यायला गेलो होतो. जबाब झाल्यावर त्यांनी विचारलं, साहेब, मला वास का नाही आला. मला वाटलं, घरच्या टाकीसारखं समजून विचारताहेत. गॅसचं सगळं त्या अवस्थेत कुठे समजावत बसायचं. म्हणून म्हटलं, ताई, सर्दी झाली असेल तुम्हाला." त्यांनी कप बाजूला सरकवला. "बरं वाटावं म्हणून म्हटलं मी."

दोन वाक्यांचं काम होतं. आत्ता ओट्यापुढे त्यांनी तेवढ्यातच सांगितलं होतं.

मला वाटलं, आता रोहिदास उठेल. कप फेकेल. त्याने उमराणीकरांकडे पाहिलं, त्यात रागाचं काही नव्हतं. उलट एकाच घरचं मयत झालेली माणसं बघतात तसं पाहिलं.

"सायेब गेल्यावर मीबी तेच म्हनाया लागलो," तो म्हणाला. "एवढं शिकलेलं मानूस म्हनतंय म्हंजी तसंच असंल. सासूबाईबी म्हनल्या. नर्सबाई म्हनल्या. समद्यांनी तिची समजूत घातली, की बाई, तुला सर्दी व्हती, तुझा काय दोस न्हाई. तिला पटंना. चिडायची. शेवटी शेवटी बोलनं बंद झालं, तरी मी सर्दी म्हनलं की मान हलवायची. न्हाई म्हनून."

दाराआडची पोरगी बाहेर आली आणि बापाच्या पाठीला टेकून बसली. त्याने कप खाली ठेवला आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"खरंच नव्हती तिला सर्दी," तो म्हणाला. "ती एकटीच खरं सांगत व्हती. निदान मी तरी हां म्हनायचं तिला."